वार्धक्यातील चालणे आणि अवधान

पर्वतीच्या पायऱ्या चढताना एखादे वृद्ध गृहस्थ सोबत्याने प्रश्न विचारताच थांबतात, उत्तर देतात आणि मगच पुढचे पाऊल टाकतात. दम लागला असेल, असे आपण म्हणतो. परंतु सारसबागेतील सपाट वाटेवरही हेच घडले, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

तरुणपणी चालणे बहुतांशी सवयीने होते व मन इतर विचारांस मोकळे राहते. वयोमानाने दृष्टी, तळव्यांची संवेदना व अंतःकर्णातील समतोलाचे इंद्रिय मंदावते; ती उणीव अवधानाने भरून काढावी लागते. अवधानशक्ती मर्यादित असल्यामुळे, चालता चालता शंभरातून सात-सात वजा करावयास सांगितल्यास वृद्धांची गती सामान्यतः घटते व पावले अनियमित पडतात.

या थबकण्याचे महत्त्व स्वीडनमधील लुंडिन-ओल्सन व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. निवासगृहातील ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलताना चालायचे थांबले. पुढील सहा महिन्यांत त्यांपैकी १० जण पडले. थांबणे हे पडण्याचे कारण नव्हे. तोल सांभाळण्याचा तो उपायच होय. मात्र राखीव शक्ती किती थोडी उरली आहे, याची ती खूण असते.

म्हणून वृद्धांची तपासणी करताना नुसते चालणे पाहून भागत नाही; बोलता बोलता चालणेही पाहिले पाहिजे. आणि जिना उतरताना किंवा रस्ता ओलांडताना त्यांच्याशी संभाषण न करणे, एवढे तर आपणां प्रत्येकास शक्य आहे.