एकट्याची धाव, अनेकांचा क्लब

लेखमाला : मैदानाबाहेरचा खेळ (लेखांक ९)

गेल्या लेखांकात आपण अमेरिकेतल्या सार्वजनिक जलतरण तलावांचा इतिहास पाहिला. तलावाला कुंपण असते, फाटक असते आणि फाटकाची किल्ली कोणाच्या तरी हातात असते. त्यामुळे कृष्णवर्णीयांना पोहण्यापासून दूर ठेवणे तिथे सोपे होते. धावण्याचे तसे नाही, असे कोणीही म्हणेल. रस्ता सगळ्यांचा आहे, बूट घालायचे आणि निघायचे. लांब पल्ल्याच्या धावण्याइतका मोकळा आणि एकट्याने करता येण्याजोगा दुसरा खेळ नाही, ही समजूत इतकी रुजलेली आहे की कृष्णवर्णीय मॅरेथॉन धावकांची स्वतंत्र संघटना आहे हे कळल्यावर अनेकांना तिचे प्रयोजनच समजत नाही. माझे म्हणणे असे की समजूतच अपुरी आहे. लांब पल्ल्याचा धावपटू रस्त्यावर एकटा दिसतो, पण तो तिथवर संघटनेच्या बळावर पोहोचलेला असतो. सराव कोणत्या रस्त्यावर निर्धास्तपणे करायचा, शर्यतीची माहिती कोणाकडून मिळवायची, आपल्यासारखे कोणी यापूर्वी इथे धावले आहे का, हे सगळे त्याला क्लब आणि ओळखीपाळखी पुरवतात. ज्या समाजाला हे सहज मिळत गेले त्याला ते दिसतही नाही. ज्याला मिळाले नाही त्याला ते स्वतः उभे करावे लागते.

नॅशनल ब्लॅक मॅरेथॉनर्स असोसिएशन ही संघटना २००४ मध्ये टोनी रीड आणि शार्लट सिमन्स यांनी स्थापन केली. रीड हे टेक्सासमधल्या डॅलसचे, संगणक क्षेत्रात काम केलेले गृहस्थ. लहानपणीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे निदान झाले म्हणून त्यांनी प्रकृतीकडे लक्ष दिले आणि पुढे सातही खंडांत आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मॅरेथॉन पूर्ण केल्या. एवढ्या शर्यती धावताना आजूबाजूला आपल्यासारखे चेहरे किती तुरळक आहेत, हे त्यांना दिसत होते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नियमित धावणाऱ्यांचे एक राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे होते १.६ टक्के. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण तेव्हा बारा टक्क्यांहून अधिक होते. सर्वेक्षण स्वेच्छेने भरलेले असल्याने आकडा तंतोतंत मानू नये, पण दरी एवढी मोठी आहे की मोजणीतल्या चुकीने ती बुजणार नाही. संघटना दरवर्षी एखाद्या शहरातली मॅरेथॉन निवडते आणि देशभरातले सदस्य तिथे जमतात. जलद धावणारे, हळू धावणारे, चालत पल्ला पूर्ण करणारे, सगळेच येतात. शाळकरी धावपटूंना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली जाते. तिसऱ्या कामाकडे, म्हणजे इतिहासाच्या नोंदीकडे, मी शेवटी वळेन, कारण माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे.

यावर पहिला आक्षेप मराठी वाचकाच्याच मनात सर्वांत आधी उठेल. मुंबई मॅरेथॉनही २००४ मध्येच सुरू झाली, आणि तेव्हापासून जवळजवळ दर जानेवारीत आपण इथिओपियाचे नाहीतर केनियाचे धावपटू पहिले येताना पाहतो. अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून ऑलिंपिक जिंकला, त्याला सहा दशके उलटून गेली. जगातला हा खेळ ज्यांच्या हातात आहे त्यांना आधाराची गरज काय? या प्रश्नात एक घोटाळा आहे. त्वचेचा रंग सारखा दिसला म्हणून दोन वेगळे समाज एक धरले गेले आहेत. बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकनांचे पूर्वज पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेले गेले. केनियाचे धावपटू मुख्यतः रिफ्ट खोऱ्याच्या उंच पठारावरचे. त्यांच्या भाषा, इतिहास, हवामान, कशाचाच मेळ नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी की केनियाचे यशसुद्धा एकट्यादुकट्याच्या पायांतून उगवलेले नाही. इटेन हे गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे हे खरे, पण तिथे सेंट पॅट्रिक्स हायस्कूल आहे, आणि १९७६ मध्ये तिथे शिकवायला आलेल्या आयरिश ब्रदर कोल्म ओ'कॉनेल यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवले. लष्कर आणि पोलिस दलांनी धावपटूंना नोकऱ्या दिल्या. सरावाची शिबिरे उभी राहिली. पहाटे शंभर मुले एकत्र धावताना दिसतात तिथे एकशेएकावा मुलगा आपोआप बाहेर पडतो. म्हणजे हा आक्षेप माझ्या विधानाला खोडत नाही, उलट त्याला सर्वांत भक्कम पुरावा पुरवतो.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक घातक. कृष्णवर्णीय माणूस वेगाचा, दमाचा नव्हे. त्याच्या स्नायूंची घडण शंभर मीटरसाठी, बेचाळीस किलोमीटरसाठी नाही, असे अमेरिकेत दीर्घकाळ सांगितले गेले. डीन क्रॉमवेलसारख्या नामांकित प्रशिक्षकाने १९४१ मध्ये पुस्तकात लिहिले की जंगलात जीव वाचवण्यासाठी धावावे-उडावे लागे, म्हणून या लोकांत धाव आणि उडी उपजत आहे. हाच गृहस्थ १९४८ च्या ऑलिंपिकला अमेरिकी अॅथलेटिक्स संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. त्याआधीच, १९३६ मध्ये, हॉवर्ड विद्यापीठातले कृष्णवर्णीय शरीररचनाशास्त्रज्ञ मॉंटेग कॉब यांनी आखूड पल्ल्याचा नामवंत धावपटू जेसी ओवेन्स याच्या पायांची मापे घेऊन दाखवले होते की ज्या खुणांना ‘वंशाची’ म्हणून मिरवले जाते त्या ओवेन्समध्ये सापडतच नाहीत. पण मापांपेक्षा समज चिवट निघाला. शाळेतला शिक्षक चपळ मुलाला आखूड पल्ल्याकडे वळवतो, मुलालाही तेच आपले क्षेत्र वाटते, आणि पुढच्या पिढीला लांब पल्ल्यात कोणी दिसत नाही म्हणून सिद्धांत खरा ठरतो. आधी दरवाजा बंद करायचा आणि मग आत कोणी नाही हे अक्षमतेचे लक्षण मानायचे, अशी ही चक्राकार युक्ती आहे. ती टिकली कारण आधीचा इतिहास पुसला गेला. एप्रिल १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांची शर्यत झाली. हैतीत जन्मलेल्या, बॉस्टनला स्थायिक झालेल्या फ्रँक हार्टने ती ५६५ मैल, म्हणजे नऊशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून विश्वविक्रमासह जिंकली. दुसरा आलेला विल्यम पेग्रॅमही कृष्णवर्णीय होता. दमाचा याहून कठोर कस कोणता असू शकतो? तरी साठ वर्षांनी क्रॉमवेल ते वाक्य निःशंकपणे छापू शकला.

आता संघटनेने काय घडते याचे उदाहरण पाहू, आणि ते पाहताना घाई करून चालणार नाही. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जोसेफ यान्सी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पायोनियर क्लब काढला. वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना खेळाची संधी मिळावी हा हेतू. शहरातल्या प्रतिष्ठित क्लबांची दारे त्यांना बंद होती. पण १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या क्लबने आपले दार सर्व वर्णांच्या खेळाडूंना उघडले, आणि तेही तुम्ही किती जलद धावता हे न विचारता. १९४७ मध्ये टेड कॉर्बिट या क्लबात आले. साउथ कॅरोलायनात १९१९ मध्ये जन्मलेले, गुलामांचे नातू. सिनसिनाटी विद्यापीठात असताना गोरे खेळाडू त्यांच्याबरोबर उतरायला तयार नसत, म्हणून काही स्पर्धांत त्यांना धावूच दिले जात नसे. १९५२ मध्ये ते हेलसिंकीला ऑलिंपिक मॅरेथॉन धावले. अमेरिकेतर्फे ती शर्यत धावणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९५४ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, नोकरी सांभाळून धावणारे. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर धावणाऱ्यांची जी नवी संस्था निघाली तिचे पहिले अध्यक्ष कॉर्बिट, आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत पायोनियर क्लबचे लोक मोठ्या संख्येने होते. हीच आजची न्यूयॉर्क रोड रनर्स. तिने १९७० मध्ये सेंट्रल पार्कमध्ये पहिली न्यूयॉर्क मॅरेथॉन घेतली तेव्हा १२७ जण सुरुवातीला उभे होते आणि ५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. आज तिथे पन्नास हजारांहून अधिक लोक पल्ला पार करतात.

कॉर्बिट यांचे याहून मोठे काम बहुतेक धावपटूंना ठाऊकच नाही. साठच्या दशकापर्यंत मॅरेथॉनचे अंतर कित्येकदा अंदाजानेच ठरे. कोणी मोटारीच्या मीटरवर मोजे, कोणी नकाशावर, आणि मग विक्रमांची तुलना निरर्थक होई. कॉर्बिट यांनी ब्रिटनमध्ये जॉन जुएल यांनी केलेल्या अभ्यासाचा आधार घेतला आणि १९६४ मध्ये रस्त्यावरील शर्यतींचे मोजमाप कसे करावे यावर सविस्तर अहवाल लिहिला. पद्धत साधी पण कडक. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चालवून चाकाचे फेरे पक्के करायचे, आणि मग धावपटूला वळणावळणावर शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेवरून ती सायकल न्यायची. पुढे त्यात हजारात एक एवढे अंतर सुरक्षेसाठी वाढवण्याची रीत आली, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे बेचाळीस मीटर, जेणेकरून शर्यत आखूड भरू नये. जगभरातल्या प्रमाणित शर्यती आज सायकलच्या याच पद्धतीने मोजल्या जातात, आणि आपल्या मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटरही त्याला अपवाद नाहीत. हार्लेममधल्या एका छोट्या क्लबातल्या माणसाने सगळ्या धावणाऱ्यांच्या वेळेला अर्थ मिळवून दिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आणि तरीही न्यूयॉर्क मॅरेथॉन म्हटले की लोकांना आठवतात ते तिचे आयोजक फ्रेड लेबो. त्यांचा पुतळा सेंट्रल पार्कमध्ये कधीच उभा राहिला. लेबो यांचे श्रेय खरेच मोठे आहे, ते कमी करण्याचे कारण नाही. पण कॉर्बिट यांचे नाव बाहेर यायला त्यांच्या मुलाला, गॅरी कॉर्बिट यांना, वर्षानुवर्षे कागदपत्रे सांभाळावी आणि मांडावी लागली.

या इतिहासातून तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर मिळते. वर्णावर आधारलेली संघटना म्हणजे नवी फूट नव्हे का, असे विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांत सद्‌हेतूचे लोकही असतात. तत्त्व म्हणून प्रश्न रास्त आहे. पण वेगळी संघटना फुटीकडे नेते की एकत्रपणाकडे, हे तिच्या नावावरून ठरत नाही, ती दार कसे ठेवते यावरून ठरते. पायोनियर क्लब स्वतंत्रपणे उभा राहिला, आपल्या पायांवर उभा राहिल्यावर त्याने सर्वांना आत घेतले, आणि त्यातून शहराची सामायिक संस्था जन्मली. वगळलेल्यांनी आधी आपापसात बळ गोळा केल्याशिवाय हे घडले नसते. गोऱ्या क्लबांनी आपणहून दार उघडण्याची वाट पाहिली असती तर किती वर्षे गेली असती कोण जाणे. ब्लॅक मॅरेथॉनर्स असोसिएशनचे सदस्यत्वही कोणत्याही वर्णाच्या व्यक्तीला खुले आहे. २००९ मध्ये टोनी केरी आणि ॲशली हिक्स यांनी सुरू केलेल्या ‘ब्लॅक गर्ल्स रन’सारख्या संघटनांचा भर आणखी वेगळा आहे. उच्च रक्तदाब आणि स्थूलता यांचा भार कृष्णवर्णीय स्त्रियांवर जास्त आहे, आणि कधीच न धावलेल्या बाईला पहाटे सोबत मिळाली तर ती घराबाहेर पडते. त्यात कोणाचे काय हिरावले जाते?

उरतो तो पैशाचा मुद्दा. खरा अडसर वर्ण नाही, ऐपत आहे, असे म्हणणारे बरेच आहेत. मोठ्या मॅरेथॉनचे प्रवेशशुल्क, प्रवास, हॉटेल, बूट, सगळे मिळून खर्च भारी होतो हे नाकारता येणार नाही, आणि गरीब गोऱ्यालाही तो झेपत नाही. परंतु ऐपतीने सगळे समजावता येत नाही. कॉर्बिट सुशिक्षित, नोकरदार, ऑलिंपिक खेळाडू होते. तरी रस्त्यावर सराव करताना पोलिसांनी त्यांना अनेकदा हटकले. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जिया राज्यात ब्रन्सविकजवळ पंचवीस वर्षांचा अहमॉड आर्बरी भर दुपारी घरापासून फार दूर नसलेल्या वस्तीतून धावत होता. तीन गोऱ्यांनी तो चोर असल्याच्या संशयाने गाड्यांतून पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घालून मारले. चित्रफीत जगापुढे येईपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ एकालाही अटक झाली नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही खुनाचे दोषी ठरले. त्या दिवशी आर्बरीला प्रवेशशुल्क लागत नव्हते. रस्ता सार्वजनिक होता आणि तो फक्त धावत होता. एकट्याने धावण्यापेक्षा दहा जणांनी मिळून धावण्यात जी सुरक्षितता आहे ती पैशाने विकत मिळत नाही.

संघटना असली म्हणून सगळे सुटते, असेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या एकविसाव्या मैलाजवळ, न्यूटन शहरातल्या प्रसिद्ध चढापाशी, पायोनियर्स आणि ट्रेलब्लेझर्स या स्थानिक धावकगटांचे बहुतांश कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समर्थक आपल्या धावपटूंना प्रोत्साहन द्यायला जमले होते. पोलिसांनी सायकली आडव्या धरून त्यांच्या आणि शर्यतीच्या मधे रांग उभी केली. प्रेक्षक मार्गावर उतरत असल्याच्या आयोजकांच्या सूचनेवरून आपण ते केले, असे पोलिसांचे म्हणणे. पण इतर ठिकाणच्या उत्साही प्रेक्षकांपुढे तशी भिंत नव्हती, असे गटांनी दाखवून दिले, आणि आयोजक संस्थेला जाहीर क्षमा मागावी लागली. इथे दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. गट मोठा आणि ओळखीचा झाला तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांतला संशय जात नाही; आणि तरी, गट होता म्हणून तक्रार ऐकली गेली. एकट्या प्रेक्षकाला हुसकावले असते तर बातमीही झाली नसती.

म्हणूनच नोंदी ठेवण्याच्या कामाला मी वरचे स्थान देतो. २०१३ मध्ये असोसिएशनने कृष्णवर्णीय दीर्घपल्ला धावपटूंचे राष्ट्रीय सन्मानदालन सुरू केले. त्यात कॉर्बिट आहेत आणि मॅरिलिन बेव्हन्सही आहेत. बाल्टिमोरच्या बेव्हन्स यांनी १९७५ मध्ये बॉस्टनला २ तास ५५ मिनिटे ५२ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. तीन तासांच्या आत येणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन अमेरिकन स्त्री. दोन वर्षांनी त्याच शर्यतीत त्या दुसऱ्या आल्या, २ तास ५१ मिनिटे १२ सेकंदांत. निकालपत्रकात वर्ण लिहिलेला नसतो, त्यामुळे अशा धावपटू शोधणे म्हणजे जुनी वृत्तपत्रे, क्लबांचे कागद आणि लोकांच्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहणे. टोनी रीड आणि गॅरी कॉर्बिट यांनी तसे करत तीन तासांची मर्यादा मोडणाऱ्या अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची यादी उभी केली, आणि रीड यांनी त्यांच्यावर ‘ब्रेकिंग थ्री अवर्स’ हा माहितीपट काढला. सन्मानदालनाची नजर जलद धावणाऱ्यांकडे जास्त झुकते, सहा तासांत पल्ला संपवणारी शिक्षिका त्यात येत नाही, ही उणीव खरी आहे आणि संघटनेच्या वार्षिक मेळाव्यांनी ती थोडीफार भरून निघते. पण शाळेच्या मैदानावर शिक्षक एखाद्या मुलीला तू आखूड पल्ल्याचीच, असे सांगेल तेव्हा तिच्यापाशी आता नावांची आणि वेळांची यादी आहे. त्या यादीत अजून नावे घालणे चालू आहे.