फोर-व्हील ड्राइव्ह कधी लावायचा?

फोर बाय फोर थार किंवा जिम्नी चालवणारे अनेक जण घाटात पाऊस लागला की लिव्हर ४एचवर (म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हवर) ओढतात आणि निर्धास्त होतात. आता गाडी रस्ता सोडणार नाही, हा त्यामागचा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद दोनऐवजी चारही चाकांना पोचवणारी व्यवस्था. चिखलातून, वाळूतून, सुट्या खडीच्या चढावरून ती गाडी पुढे काढते. ब्रेक मात्र साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. ओल्या उतारावर थांबायला लागणारं अंतर ठरतं ते टायर आणि वेग यांवर.

दुसरी गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. ४एच लावलं की ट्रान्स्फर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) दोन्ही बाजू एकाच गतीला जखडते. तीन पायांच्या शर्यतीत कोपरा वळताना जोडीची जी ओढाताण होते, तीच इथे. चिखलात चाक जरा घसरून ताण सोडतं. कोरड्या डांबरावर तो वाव नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, कधी लिव्हर २एचवर (दोनच चाकांच्या ड्राइव्हवर) यायलाच तयार नसते. तेव्हा झटापट करू नये. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की बहुधा सुटते.

१९८० च्या ऑडी क्वाट्रोत ही ओढाताण टाळायला मधोमध आणखी एक डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी जोडणी) होतं. म्हणून ती डांबरावरही चारही चाकांच्या जोरावर पळायची. थार, जिम्नीत ते नाही.