डासाले घरमालकही कळत नाही, किरायदारही

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढला आहे. बोलताना भाषा जिथं वऱ्हाडीत घसरली, तिथं ती तशीच राहू दिली.

मी मूळचा अकोल्याचा, सध्या अमरावतीत किरायानं राहतो. आमची वसाहत सरकारी योजनेत बांधलेली, अल्प उत्पन्न गटाची. चार मजले, सोळा घरं. निम्म्या घरांत मालक, निम्म्यात माझ्यासारखे किरायदार.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधली गोष्ट. वरच्या मजल्यावरची नऊ वर्षांची पोरगी तापानं फणफणली. तपासणीत डेंग्यू निघाला अन् तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "फवारणी करा!" धुराची गाडी आली, वसाहत पांढरी झाली. आम्ही खिडक्या लावून घेतल्या अन् समजलो की झालं काम. आठवडाभरात दुसरं लेकरू आजारी पडलं.

मंग आशाताई घरोघरी आल्या. माझ्या गॅलरीतला कूलर उघडला, टाकीत बॅटरी मारली अन् म्हणाल्या, "भाऊ, हे पाहा." पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. जूनमध्ये पाऊस आला तसा मी कूलर बंद केला होता. पाणी मात्र काढलं नव्हतं, अन् वरून पावसाचं पाणी पडत होतं. ती पोरगी माझ्याच कूलरच्या डासामुळं आजारी पडली का, हे कोणी सांगू शकत नाही. पण त्या रात्री मले झोप आली नाही.

आता थोडं विज्ञान. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलर, रांजण, ड्रम, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर ही त्याची ठिकाणं. तो दिवसा चावतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड घासावी लागते. उन्हापावसाच्या दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं आरोग्य विभाग सांगतो, ते याच हिशोबानं. दर सात दिवसांनी भांडं रिकामं करून घासलं तर अळीला पंख फुटायच्या आधीच काम संपतं.

धुरानं काय होतं? उडणारे डास मरतात. अळ्या अन् अंडी जिथल्या तिथं राहतात. शिवाय हा डास फार दूर जात नाही, साधारण काही शे मीटरच्या आत फिरतो. म्हणजे मले चावणारा डास बहुतेक माझ्याच घरात नाहीतर शेजाऱ्याच्या घरात जन्मलेला असतो. सोळापैकी पंधरा घरं स्वच्छ अन् एक कूलर भरलेला, तरी धोका सगळ्यांनाच.

म्हणून मी त्या आठवड्यात ठरवलं की रविवारी सगळ्यांनी टाक्या तपासायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "तू किरायदार, तुले काय करायचं हाये बाप्पा? अन् बिल्डिंग सरकारनं बांधली, सरकार पाहीन."

या दोन वाक्यांत आपल्या वसाहतींचं दुखणं आहे, म्हणून दोन्ही नीट समजून घेऊ.

पहिलं, 'सरकार पाहीन'. विदर्भात आधी विदर्भ गृहनिर्माण मंडळ होतं. 1977 मध्ये म्हाडा आलं, अन् आज त्याचं अमरावतीतही विभागीय मंडळ आहे. 2015 पासून प्रधानमंत्री आवास योजनेची घरंही आली. पण सरकारनं घर बांधलं म्हणजे जिन्यातला दिवा सरकार कायम बदलणार, असं नसतं. घरं ताब्यात दिल्यावर रहिवाशांची संस्था तयार होते. मंग पंप, टाकी, गच्ची, जिना यांची देखभाल त्या संस्थेकडं येते. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यात हिशोब मांडावा लागतो. त्या सभेला कोणी फिरकत नाही, अन् वर्षभर जिन्यात उभं राहून तक्रार करतो.

दुसरं, 'तू किरायदार'. काका इथं अर्धे बरोबर होते. सभेत मत सदस्याचं असतं, किरायदाराचं नाही. पंप कोणता घ्यायचा, देखभालीचे पैसे किती, हे मी ठरवू शकत नाही. पण कूलर घासायला मताचा अधिकार लागत नाही. डासाले घरमालक कोण अन् किरायदार कोण, हे कुठं कळते?

मंग आम्ही काय केलं? आधी मी ग्रुपवर लंबाचौडा मेसेज टाकला. अंगठे आले, माणसं आली नाहीत. दुसऱ्या रविवारी दार वाजवलं अन् प्रत्येकाला एकच छोटं काम सांगितलं. "काकू, तुमच्या मजल्यावरच्या चार घरांच्या कुंड्यांखालच्या थाळ्या तेवढ्या पाहाल का?" काकू हाव म्हणाल्या. शिकायला आलेले दोन पोट्टे गच्चीवरचं भंगार हलवायला तयार झाले. 'मदत करा' म्हटलं की माणूस घाबरतो, 'वीस मिनिटं, एवढंच' म्हटलं की येतो.

गंमत नका समजू, तिसऱ्या रविवारी आम्ही तिघंच होतो. तरी थांबवलं नाही. चौथ्या रविवारी तेच काका गच्चीची चावी घेऊन वर आले. बोलले काहीच नाही, टाकीचं झाकण कुठं फुटलं ते दाखवलं. झाकण पुढं संस्थेच्या पैशातून बसलं.

एक प्रश्न हमखास येतो: "आपण कर भरतो, मंग महानगरपालिकेचं काम आपण काहून करायचं?" करायचंच नाही. गटार, कचऱ्याची गाडी, फवारणी हे तिचं काम. ते झालं नाही तर तारीख टाकून लेखी तक्रार द्या अन् पोच घ्या. सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात तर कोणी उत्साहानंसुद्धा उतरू नका. तिथला वायू जीव घेतो, अन् 2013 च्या कायद्यानं माणसाला असं जोखमीच्या सफाईसाठी उतरवायला बंदी आहे. पण माझ्या गॅलरीतला कूलर महानगरपालिका दर आठवड्याला घासू शकत नाही. काही कामं फक्त शेजारीच करू शकतो.

अकोलेकरांना 13 जानेवारी 2018 आठवत असंल. त्या दिवशी मोर्णा नदी साफ करायला हजारो लोक काठावर उतरले होते, 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. आपल्या माणसांना जमत नाही असं नाहीच. फक्त एका दिवसाची गर्दी जमवणं सोपं असते, दर रविवारची वीस मिनिटं अवघड.

त्यासाठी गाडगेबाबांची रीत कामाची आहे. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस गावात गेला की आधी खराटा घेऊन झाडायचा, कीर्तन रात्री. आम्ही नेमकं उलटं करतो. मीही आधी मेसेजच टाकला होता ना!

ती वरची पोरगी बरी झाली. आता रविवारी तीच बॅटरी घेऊन माझा कूलर तपासायला येते, अन् पाणी दिसलं की मले रागावते.

तर राजेहो, हे वाचून झालं की फोन ठेवा अन् आपला कूलर पाहा. मंग शेजारचं एक दार वाजवा. एकच, जास्त नाही. पुढच्या भागात भेटू. राम राम!