आपल्याच रक्तांतले शिपाई

रक्ताचे कांहीं कर्करोग बी-पेशींत उद्भवतात. त्या आपल्याच घरच्या; म्हणून रक्तांतील शिपाई, म्हणजे टी-पेशी, त्यांना शत्रु समजत नाहींत. पवईच्या आय.आय.टी.नें व टाटा स्मारक केंद्रानें यावर उपाय सिद्ध केला. रोग्याच्या टी-पेशी काढून, दुबळ्या केलेल्या विषाणूकरवीं त्यांत नवें जनुक घालतात. मग बी-पेशींवरची ‘सीडी-१९’ ही खूण त्यांना ओळखतां येते. त्या पुष्कळ वाढवून शिरेवाटे परत सोडतात. निरोगी बी-पेशीही त्यांत बळी पडतात, हें लपवूं नये. आपल्या खारघरला जून २०२१ मध्यें पहिल्या रोग्यावर हा उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्यें ‘नेक्सकार-१९’ला सरकारी मान्यता मिळाली. परदेशाच्या मानानें खर्च सुमारें दशांश. तरी तो लाखांत, आणि माझ्यासारख्या पेन्शनर मास्तराच्या हिशेबांत अजून बसत नाहीं.