युनिक्स सर्व्हरवरील डिस्क विभाजन

युनिक्स सर्व्हरवरील डिस्क विभाजन म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या साठवण क्षमतेचे स्वतंत्र भाग पाडून प्रत्येक भागावर वेगळी फाइल प्रणाली उभी करण्याचे नियोजन होय. एका भागातील माहिती कितीही फुगली तरी दुसऱ्या भागाचे काम थांबू नये, हा त्यामागील मुख्य हेतू असतो. युनिक्समध्ये ‘सी’, ‘डी’ अशी ड्राइव्हची अक्षरे नसतात. सर्व भाग ‘रूट’ या मूळ निर्देशिकेपासून फुटणाऱ्या एकाच वृक्षाला जोडलेले असतात. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला या सीमा दिसत नाहीत. एखादा भाग भरला की मात्र त्या जाणवतात.

इतिहास

बेल प्रयोगशाळेत पीडीपी-११ संगणकावर युनिक्स घडत असताना डिस्क अतिशय लहान होत्या. वापरकर्त्यांच्या फाइली ‘यूएसआर’ या निर्देशिकेत असत. पुढे पहिल्या डिस्कवर न मावणारे प्रोग्रॅमही तेथेच गेले. म्हणजे आज शास्त्रोक्त वाटणाऱ्या या मांडणीचा काही भाग निव्वळ अडचणीतून आला आहे. बीएसडी युनिक्समध्ये एका डिस्कचे ‘ए’ ते ‘एच’ असे ८ भाग करण्याची पद्धत रूढ झाली. लहान भाग करण्याला त्या काळी आणखी एक सबळ कारण होते. वीज अचानक गेल्यास संपूर्ण फाइल प्रणाली तपासावी लागे आणि भाग जितका मोठा तितका तपासणीला वेळ अधिक लागे. बदलांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या, म्हणजे जर्नल असलेल्या फाइल प्रणाली आल्यावर हे कारण बरेचसे मागे पडले.

नियोजन

समजा, सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर संकेतस्थळ, निकालाचा डेटाबेस आणि विद्यार्थ्यांची खाती एकत्र आहेत. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात आणि प्रत्येक भेटीची नोंद ‘व्हार’ निर्देशिकेतील लॉगमध्ये जमा होते. सर्व काही एकाच भागात असेल, तर हा लॉग शिल्लक जागा खाऊन टाकतो. मग डेटाबेसला लिहिता येत नाही आणि नेमका निकालच अडतो. म्हणून लॉग, डेटाबेस, तात्पुरत्या फाइलींची ‘टीएमपी’ आणि वापरकर्त्यांची ‘होम’ ही निदान एवढी ठिकाणे मूळ भागापासून वेगळी ठेवावीत. ‘होम’वर प्रत्येक खात्याला कोटाही लावता येतो.

मात्र भिंती जास्त झाल्या तरी तोटाच होतो. एका भागात जागा रिकामी पडून राहते आणि शेजारचा भाग गुदमरतो. यावर लॉजिकल व्हॉल्यूम व्यवस्थापन, अर्थात एलव्हीएम, हा प्रचलित उपाय आहे. त्यात अनेक डिस्कची जागा एका सामाईक साठ्यात येते व गरजेप्रमाणे भागांना दिली जाते. १० टेराबाइटचा साठा असेल, तर पहिल्याच दिवशी सगळा वाटून न टाकता काही हिस्सा राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण भाग वाढवणे सोपे व लहान करणे अवघड असते. एक्सएफएस ही फाइल प्रणाली तर व्यवहारात लहान करताच येत नाही. २००५ साली ओपनसोलारिसबरोबर खुल्या झालेल्या झेडएफएसमध्ये सर्व भाग सामाईक साठ्यातूनच जागा घेतात. तेथे भिंतींचे काम कोटा करतो.

महासंगणकांवर हीच विभागणी मोठ्या प्रमाणावर दिसते. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखालील ‘परम’ मालिकेत, उदाहरणार्थ पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’वर, संशोधकाला ‘होम’ आणि ‘स्क्रॅच’ अशा दोन स्वतंत्र जागा मिळतात. चालू गणिताचा पसारा ‘स्क्रॅच’मध्ये मांडायचा असतो, ती कायम जपणुकीची जागा नव्हे.

लक्षात न येणाऱ्या मर्यादा

जागा केवळ बाइटांत मोजून भागत नाही. प्रत्येक फाइलसाठी एक ‘आयनोड’ लागतो. ईएक्सटी४ मध्ये आयनोडांची संख्या फाइल प्रणाली तयार करतानाच ठरते. सामान्यतः दर १६ किलोबाइटमागे एक. लाखो छोट्या फाइली साठल्या की डिस्क अर्धी रिकामी असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. याच प्रणालीत ५ टक्के जागा आपोआप प्रशासकासाठी राखली जाते. १० टेराबाइटच्या भागात ती ५०० गिगाबाइट होते, म्हणून केवळ माहिती साठवण्याच्या भागावर हे प्रमाण कमी करतात. तसेच जुन्या एमबीआर तक्त्याला ५१२ बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्कवर २ टेबिबाइटपलीकडे पाहता येत नाही. मोठ्या डिस्कसाठी जीपीटी तक्ता लागतो.

मराठी फाइलनावांबाबत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएसमध्ये फाइलनावाची कमाल लांबी २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे धरली जातात. ‘सोलापूर’ या शब्दाला त्यामुळे २१ बाइट लागतात आणि पूर्ण देवनागरी नाव ८५ चिन्हांपर्यंतच जाऊ शकते. विंडोजची एनटीएफएस प्रणाली बाइट न मोजता १६ बिटांचे २५५ घटक मोजते. तेथे बिनतक्रार चाललेली लांब मराठी नावे सर्व्हरवर आणताना नाकारली जातात, म्हणून स्थलांतरापूर्वी ती तपासून घ्यावी लागतात.