आजी पुढं, तरणे मागं

काठीचं टोक तासून गोल करायचं, ही पहिली अट होती. चामोर्शीतल्या एका अंगणात आदल्या संध्याकाळी आम्ही फलक बांधत होतो. जुन्या धोतरांच्या कापडावर मुलांनी अक्षरं रंगवलेली. एक म्हातारबाबा बांबूच्या काठ्या विळ्यानं तासायचे, टोकावरून अंगठा फिरवायचे आणि मगच काठी पुढं द्यायचे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, "आबाजी, टोक कायले काढता?"

"उद्या गर्दीत कोनाच्या डोळ्यात नाही गेलं पायजे," ते म्हणाले.

हवामानासाठीच्या आमच्या मोर्चाचा दिवस ठरला होता मृगाच्या दोन दिवस आधीचा, ५ जूनचा. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपलेला, पऱ्हे टाकायला अवकाश; जंगल आणि बांधी दोन्हींतून माणूस मोकळा असतो तो एवढेच दिवस. पोलीस ठाण्यात अर्ज आधीच दिला होता. ध्वनिक्षेपक नको, असं बायकांनीच ठरवलं. निघायचं पहाटे पाचला, कारण नऊनंतर इथलं ऊन लहान मुलांना सोसत नाही. सासूबाईंनी सगळ्यांच्या खिशात एकेक कांदा टाकला, माझ्या डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला.

खरं कौशल्य रांग लावण्यात होतं. सगळ्यांत पुढं म्हाताऱ्या बाया आणि लहान मुलं. मधे आयाबाया, पाण्याचे गुंड घेतलेल्या. तरणी पोरं सगळ्यांत मागं. पोरं पुढं असली की पाऊल लांब पडतं, रांग तुटते आणि तुटलेल्या जागेत गाड्या घुसतात. माझा नवरा मागच्या टोकाला होता. कोणी बसलं की तो शिट्टी द्यायचा आणि सगळी रांग थांबायची. सासूबाईंचा गुडघा दुखतो. त्या दिवशी दीड-दोनशे माणसं त्यांच्या गुडघ्याच्या वेगानं चालली.

चालता चालता त्या माझ्या मुलाला २०२० चा ऑगस्ट सांगत होत्या. त्यांचं माहेर नदीकाठचं. "आपल्याकडं पानी नोहतं पडत, बाबू. आभाळ कोरडं अन् नदी बांधीत." पाऊस कोसळला होता तो वर, मध्य प्रदेशात. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिकडचा पूर इथल्या पोटरीला आलेल्या धानावरून गेला. हवा १ अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. सासूबाईंनी ते कुजलेल्या धानाच्या वासावरून ओळखलं होतं.

आमच्या गडचिरोली जिल्ह्याची दोन-तृतीयांशाहून जास्त जमीन अजून जंगलाखाली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र कोळसा जाळतं आणि त्याची वीज दूरच्या शहरांपर्यंत जाते. इथला माणूस कार्बन साठवणारं रान राखतो, वापरतो थोडं, आणि ऊन अन् पूर मात्र आधी त्याच्या दारात येतात. हा हिशेब मांडायला आम्ही रस्त्यावर उतरलो होतो.

या भागाला असं चालणं नवं नाही. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत इथले आदिवासी चालले. आदिवासी नेते लालश्यामशहा आणि बाबा आमटे त्यांच्यासोबत होते. ती धरणं झाली नाहीत. त्या जागृतीतून पुढं आलेल्या मेंढा-लेखा या गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

ऊन चढायच्या आत आम्ही मार्कंड्याला पोचलो. दक्षिणेकडं निघालेली वैनगंगा इथं वळून उत्तरेला वाहते, म्हणून महाशिवरात्रीला इथं जत्रा लोटते. मार्कंडेयाची गोष्ट घाटावर कुणालाही माहीत असते: सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मुलगा, यम न्यायला आला तेव्हा पिंडीला मिठी मारून बसलेला. सप्टेंबर २०१९ मध्ये जगभरची मुलं हवामानासाठी शाळा सोडून रस्त्यावर आली, तेव्हा त्याची सुरुवात करणारी ग्रेटा थुनबर्गही सोळाच वर्षांची होती. देवळाच्या सावलीत मुलाशेजारी बसले असताना मला हे आठवलं आणि मी त्याचा हात घट्ट धरला. पिंडीला मिठी मारायची वेळ मुलांवर येऊ नये, हे काम आईबापांचं आहे.

घाटावर भाषणं झाली नाहीत. सासूबाईंनी पाण्यात पाय सोडले. मागच्या पोरांनी आणलेली आंबील सगळ्यांनी पळसाच्या द्रोणात प्यायली आणि द्रोण मोजून गोळा केले.

परतताना एका चिमुरडीनं माझ्या मुलाकडं काठी मागितली. त्यानं आधी टोकावरून अंगठा फिरवला, मग दिली.