‘आपला’ माणूस

वाळूमाफिया, टँकरमाफिया हे शब्द आता आपल्या रोजच्या बातम्यांतले झाले आहेत. पण ज्यांच्यामुळे ‘माफिया’ शब्द जगभर पसरला, त्या अमेरिकेतल्या इटालियन टोळ्यांचं आतलं जग लोकांना कळलं ते १९६३ मध्ये. जोसेफ वालाची हा तळाचा गडी सिनेटच्या समितीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बोलता झाला.

त्यानं सांगितलेला दीक्षाविधी असा : टेबलावर पिस्तूल आणि सुरा ठेवलेला. नवख्याचं बोट टोचून रक्त काढायचं. मग त्याच्या हातात पेटता कागद द्यायचा आणि वदवून घ्यायचं, ‘गुपित फोडलं तर मी असाच जळेन.’ पुष्कळदा कागदाऐवजी संताचं चित्र जाळलं जाई. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावी एका घरात असा विधी चालू असताना एफबीआयनं तो गुपचूप ध्वनिमुद्रित केला.

एवढा सोहळा कशासाठी? उत्तर त्यांच्या उतरंडीत आहे. वर बॉस, त्याखाली अंडरबॉस, बाजूला सल्लागार ‘कॉन्सिलिएरी’, मग टोळीनायक ‘कापो’ आणि तळाशी ‘सोल्जर’, म्हणजे शिपाई. शपथ न घेतलेले साथीदार त्याहून खाली. हुकूम वरून खाली उतरतो, पैसा खालून वर चढतो. बॉस शिपायाला थेट हुकूम देत नाही. त्यामुळे शिपाई पकडला गेला तरी बॉस कोरडाच राहतो. मात्र शिपायानं अळीमिळी गुपचिळी पाळली तरच!

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे माझं लक्ष त्यांच्या एका शब्दाकडे जातं. संघटनेचं नाव ‘कोझा नोस्त्रा’, म्हणजे ‘आपली गोष्ट’. दीक्षा घेतलेल्याची ओळख ‘हा आपला मित्र’ अशी करून द्यायची. बाहेरचा असेल तर ‘हा माझा मित्र’. ‘आपला’ म्हटलं की माणूस आत आला.

पण आत आल्यावर काय? १९६२ मध्ये वालाची अटलांटाच्या तुरुंगात होता. त्याचा बॉस विटो जेनोव्हीजही तिथंच. बॉसनं आपल्याला मारायचा हुकूम दिलाय, या धास्तीनं वालाचीनं एका कैद्याला मारेकरी समजून ठार केलं. तो भलताच निघाला. त्यानंतर वालाचीनं तोंड उघडलं.

१९७० च्या ‘रिको’ कायद्यानं टोळीचा कारभार चालवणं हाच गुन्हा ठरवला आणि वरच्यांनाही झळ लागू लागली. न्यूयॉर्कच्या बोनॅनो टोळीचा बॉस जोसेफ मॅसिनो याच्यावर २००४ मध्ये अनेक खून सिद्ध झाले. त्यात एका कापोचाही खून होता. एफबीआयच्या माणसाला टोळीत शिरू दिलं, हा त्या कापोचा अपराध. पुढे आणखी एका खटल्यात फाशीची टांगती तलवार दिसली, तेव्हा मॅसिनोनं स्वतःच सरकारशी हातमिळवणी केली आणि २०११ मध्ये न्यायालयात साक्ष दिली.

शिपायासाठी ज्या शपथेची किंमत जीव होती, ती बॉसनं आपला जीव वाचवायला मोडली. म्हणून कुणी फार जवळ घेऊन ‘तू आपला माणूस’ म्हणालं, तर या ‘आपण’मध्ये हुकूम कोण देणार आणि तुरुंगात कोण जाणार, एवढं विचारून घ्यावं.